ट्राम बंद होत्या तेव्हा

या पोरींनो, अशा पुढं सरकून बसा. महाराजांची गाडी अजून औश्यातच आहे म्हणतात. पेटीवाल्यानं पेटी उघडलीय, पण सूर धरायची त्याला घाई दिसत नाही. तोवर एक गोष्ट सांगते. पुराणातली नव्हे, आपल्याच गल्लीतली. कीर्तनाला पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो. या गोष्टीचा पूर्वरंग घडला फ्रान्सात आणि उत्तररंग उमरीत, एका बाईच्या ओसरीवर. मधे प्रेम आहे... म्हणून आवाज जरा हळू ठेवते, पलीकडं पुरुषमंडळी बसलीयत.

धान्याच्या मोंढ्यातले मडिवाळप्पा तुम्हाला ठाऊक आहेतच. लातुरात तुरीचा विषय निघाला की त्यांच्या आडतीचं नाव निघतं. त्यांची धाकटी लेक शिवकन्या. अन्नतंत्र शिकली आणि पुढचं शिकायला ल्यों नावाच्या शहरात गेली. टेकडीवर मोठं देऊळ, खाली दोन नद्या. पहिल्याच आठवड्यात तिनं आईला, नीलाबाईला, फोन करून सांगितलं, "आई, एका गावाला दोन नद्या हायत इथं. आणि दोन्हीला पाणी हाय." तिच्या आवाजात तक्रार होती.

त्या वर्षी तिकडच्या सरकारनं पेन्शनचं वय वाढवलं होतं. सगळा देश धुमसत होता. दर आठवड्याला कुठला ना कुठला संप. ट्राम कधी यायची, कधी नाही. आली की माणसांनी गच्च भरलेली.

अशाच एका संध्याकाळी, बारीक भुरभुर पडत असताना, शिवकन्या तांदळाची मोठी पिशवी घेऊन ट्रामची वाट बघत उभी होती. ट्राम आली. दार उघडलं. आत एकच जागा रिकामी. पोरीनं काय करावं? लहानपणापासून एष्टीत जे केलं तेच केलं. पुढं धावली, त्या सीटवर रुमाल टाकला, आणि पिशवी आणायला परत दाराशी गेली.

पिशवी ओढत ती आत येते तो काय – जागा रिकामीच. भोवती इतकी माणसं उभी, पण सीटवर फक्त तिचा रुमाल. आणि रुमालाशेजारी दांडा धरून उभा असलेला एक सावळा, उंच मुलगा, राखणदारासारखा. समोरच्या म्हाताऱ्या बाईला तो फ्रेंचमधे काहीतरी समजावत होता. बाई रुमालाकडं बघून गंभीरपणे मान हलवत होती.

"बसा," तो शिवकन्येला म्हणाला. "जागा धरून ठेवलीय तुमची."

मराठी... तांदळाची पिशवी तिच्याच पायावर पडली.

"रुमाल माझा हाय हे तुम्हाला कसं कळलं?"

"रुमाल कुणाचा ते न्हाई कळलं. कुठला ते कळलं. असा रुमाल टाकून पिशवी आणाया जाणारं माणूस एष्टीच्या गावचंच असणार. अन् कुणी बसलं तर भांडाया येणारं – लातूरचं."

"मी कुठं भांडले?"

"कुणी बसलं न्हाई ना."

तिनं ओठ दाबले, पण हसू डोळ्यांत आलंच. "त्या आजीला काय सांगितलं तुम्ही?"

"म्हणलं, आमच्याकडं ही सरकारमान्य पद्धत हाय."

त्याचं नाव धम्मानंद. उमरी तालुका, जिल्हा नांदेड. नदीच्या गाळावर संशोधन करत होता.

"गाळावर?" शिवकन्या म्हणाली. "एवढं लांब येऊन गाळ?"

"हाव. तुमच्या लातूरकडंबी करता आला असता अभ्यास. तिकडं तर मधे पाणीबी आडवं येत न्हाई."

"आमच्या मांजरा नदीला नावं ठेवायची न्हाईत."

"न्हाई ठेवून राहिलो. फकस्त गाळाविषयी बोलून राहिलो."

"करून राहिलो, बोलून राहिलो..." तिनं त्याची नक्कल केली. "तुमच्या नांदेडात एखादं काम पुरं होतं का, का सगळी राहूनच राहतात?"

"आन तुमचं काय हो? 'काय करलालीस, कुठं चाललालीस'. जिभेला गाठ पडून राहिली माझ्या."

म्हाताऱ्या बाईला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती मन लावून ऐकत होती. शिवकन्येच्या थांब्यावर धम्मानंदानं पिशवी उतरवून दिली आणि स्वतःही उतरला. त्याचा थांबा केव्हाच मागं गेला होता, हे शिवकन्येला पुष्कळ दिवसांनी कळलं.

पुढच्या संपाला तो तिच्या कॉलेजच्या फाटकापाशी उभा.

"ट्राम बंद हाय," तो म्हणाला.

"मला ठाऊक हाय."

"म्हणून चालत निघालो."

"तुमचं घर त्या बाजूला हाय."

"हाव... पण लांबच्या रस्त्यानं गुडघे चांगले राहतात."

असं त्यांचं चालणं सुरू झालं. लोकांना संपानं खोळंबा, या दोघांना वाट. रोन नदीच्या काठाकाठानं जायचं, चिनाराच्या झाडांखालून. पायऱ्यांवर पोरं गिटार वाजवत बसलेली. पुलापलीकडं अरब, चिनी, तमिळ दुकानांची गल्ली, तिथं हिंग मिळायचं. तिथल्या तूरडाळीचा दाणा शिवकन्या बोटांत धरून बघायची आणि दुकानदारापेक्षा जास्त नाराज व्हायची. बापाची सवय.

तिकडच्या रीती तिला धम्मानंदानं शिकवल्या. कोपऱ्यावर एक पाववाली बाई होती, मोठी कडक. शिवकन्येनं आत जाऊन सरळ पाव मागितला की बाई "बोंझूर" म्हणायची आणि हात बांधून उभी राहायची. पाव काही द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी शिवकन्या रडकुंडीला आली.

"ती तुम्हाला पाव द्यायला न्हाई म्हणून न्हाई राहिली," धम्मानंद म्हणाला. "आधी नमस्कार मागून राहिली. तुम्ही मठात शिरताना 'शरणु' म्हणल्याबिगर पाऊल टाकता का?"

"न्हाई."

"मग ह्यो तिचा मठच समजा."

दुसऱ्या दिवशी शिवकन्येनं दारातूनच असा खणखणीत बोंझूर घातला की बाईनं पावाबरोबर एक गोड बिस्कीटही ठेवलं.

पण सगळंच असं गोड नव्हतं. शिवकन्या सकाळी इष्टलिंगाची पूजा करून कपाळाला विभूतीचं एक बारीक बोट लावून निघायची. ट्राममधे एखादी बाई मायेनं कागदी रुमाल पुढं करायची, तुमच्या कपाळाला काहीतरी लागलंय म्हणून. ही हसून नको म्हणायची. काहींची नजर मात्र तिच्या कपाळावरून शेजारच्या पोरीच्या डोक्यावरच्या ओढणीवर जायची आणि तिथून खिडकीबाहेर. त्या नजरेला शब्द नसत. धम्मानंदाला ती ओळखीची वाटायची. "आपल्याकडची नजर बी अशीच असती," तो एकदा म्हणाला, "निस्तं कारण येगळं."

मग तो मोर्चाचा दिवस. पुलाजवळ माणसंच माणसं. ढोल, लाल झेंडे, खांद्यावर लेकरं. जत्राच म्हणा ना. हे दोघं कडेनं घरी निघाले होते. अचानक पुढं काचा फुटल्याचा आवाज आला, पोलीस धावले, आणि पांढरा धूर पसरला. डोळ्यांत मिरच्या कुटल्यासारखी आग. काही दिसेना. एका हातानं शिवकन्येचं मनगट धरून ओढलं. तो धम्मानंदाचा होता, आणि त्या दोघांना आत ओढणारा हात पाववाल्या बाईचा. तिनं शटर अर्ध्यावर पाडलं, दुकानात घेतली तेवढी माणसं घेतली आणि सगळ्यांना ओले फडके वाटले. त्या घाईतही प्रत्येकाला बोंझूर म्हणाली.

शिवकन्येनं डोळे पुसले, तोंड पुसलं. मग हात कपाळाकडं गेला आणि थबकला. विभूती पुसली गेली होती. तिच्या बटव्यात विभूतीची वडी असायची, पण आरसा नव्हता.

धम्मानंद बघत होता. तुम्हाला सांगते, त्याच्या घरी देव नाहीत. ते लोक बुद्धाला मानतात, पूजापाठ करत नाहीत. त्यानं खिशातून फोन काढला, कॅमेरा उलटा फिरवला, आणि तिच्या चेहऱ्यासमोर धरला.

"ह्यातलं मला कळत न्हाई," तो हळू म्हणाला. "आरसा धरता येतो."

त्याचे डोळे लालबुंद, नाकातून पाणी वाहतंय, आणि फोन धरलेला हात मात्र जराही हलत नव्हता. शिवकन्येनं त्या छोट्या पडद्यात बघून बोट लावलं. वाकडं लागलं. तो म्हणाला, "डावीकडं थोडं." तिनं सरळ केलं. तेवढंच. पोरींनो, मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण प्रेम म्हणजे काय हे मला कुणी याहून सोपं सांगितलं नाही.

पुढं संप संपला. ट्राम वेळेवर येऊ लागल्या. त्या दिवशी धम्मानंद फाटकापाशी आला, पण पायानं जमीन उकरत उभा राहिला.

"ट्राम चालू झाली," तो म्हणाला.

"हाव की."

"आता चालायला काय कारण सांगावं..."

"गुडघे हायत की," शिवकन्या म्हणाली आणि पुढं चालू लागली.

नदीकाठी उन्हं उतरली होती. मग त्यानं विचारलं, "माझं नाव ऐकलं तवाच समजलं असंल तुम्हाला, मी कोण ते."

"समजलं."

"तुमच्या घरी मला चहा मिळंल. मानपानबी मिळंल, तुमचे अप्पा चांगले हायत म्हणता. पर पुढचं मिळणार न्हाई."

"पुढचं म्हणजे?"

तो नदीकडं बघत राहिला. "...तुम्ही."

शिवकन्येच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वाऱ्यानं ओढणी उडत होती, तीही तिनं सावरली नाही. "मिळणार न्हाई हे तुम्ही मला न विचारताच ठरवलं?"

"तुम्हाला इचारून राहिलो. पर चोरून काही करणार न्हाई. माझ्या मायनं मला कुणाच्या घरात मागच्या दारानं शिरायला शिकवलं न्हाई. तुमचे अप्पा न्हाई म्हणले तर मी बाजूला होईन."

"आणि मी?"

त्यानं उडणाऱ्या ओढणीचं टोक धरून तिच्या हातात दिलं.

आणि वेळही कमी होता. अप्पांनी फोनवर सांगून ठेवलं होतं की उदगीरची मंडळी बघायला येणार आहेत, परीक्षा झाली की निघून ये. आता बोललं नाही तर बोलायचं राहून जाणार.

आपल्या सप्ताहात महाराज एक कथा सांगतात, तुम्ही ऐकलीय. बसवण्णांच्या काळी कल्याणात ब्राह्मणाच्या लेकीचं चर्मकाराच्या लेकाशी लग्न लागलं. बसवण्णांच्या अनुयायांनी, शरणांनी, लावलं. राजाला ते खपलं नाही, आणि दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून ओढलं. महाराज तिथं आले की मडिवाळप्पांचे खांदे हलू लागतात. पहिल्या रांगेत बसतात, सगळं गाव बघतं. दरवर्षी रडतात.

शिवकन्येनं फोन लावला.

"काय करलालीस गं?" अप्पांनी विचारलं. मागं हमालांचा गलका ऐकू येत होता.

तिनं सगळं सांगितलं. नाव, गाव, समाज, एकही गोष्ट झाकली नाही.

"अप्पा, कल्याणच्या लग्नाला तुम्ही दरवर्षी रडता," ती शेवटी म्हणाली. "कुणाच्या बाजूनं रडता?"



"ठेव आता," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक आलंय."

त्यानंतर फोन नाही. ती करायची, आई उचलायची, म्हणायची, "दुकानातून आले न्हाईत अजून." शिवकन्येला अभ्यास सुचेना. धम्मानंद रोज यायचा, शेजारून चालायचा, काही विचारायचा नाही. त्याचं ते न विचारणं तिला जास्त लागायचं.

इकडं अप्पा जेवायचे कमी, दुकानात बसायचे जास्त. एका रात्री वाढताना नीलाबाई म्हणाली, "मूठभर माल हातात घेतल्याबिगर तुम्ही कधी भाव बोलला न्हाईत. मग माणसाचा भाव इथं बसून कसा करलालाव?"

अप्पांनी वर पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या एष्टीनं नांदेडला गेले, आणि तिथून उमरीला. पूजा न करताच घरातून निघाले होते. घाईत राहिली की मुद्दाम ठेवली, हे मी विचारलं तर नुसते हसतात.

धम्मानंदाची आई पंचशीलाबाई अंगणवाडीत असते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. ओसरीवर निळ्या रंगाचा पत्रा, आत भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. अंगणवाडी सुटून ती नुकतीच घरी आली होती.

"मी लातूरहून आलो," अप्पा दारातून म्हणाले. "शिवकन्येचा बाप."

तिनं खुर्ची पुढं केली. "या, बसा. फोन करून आला असता तर सैपाक करून ठेवला असता."

"फोन केला असता बाई, तर न येण्याचं निमित्त सापडलं असतं."

तिनं चहा आणला. अप्पांनी कप खाली ठेवला आणि तसाच ठेवून बसले. वाफ गेली, वर साय धरली. पंचशीलाबाईनं कपाकडं पाहिलं, मग अप्पांकडं. न शिवलेले कप तिनं आयुष्यात पुष्कळ उचलले होते. तिचा चेहरा दगड झाला, आणि हात कपाकडं गेला.

"तसं न्हाई बाई," अप्पा गडबडून म्हणाले. "माझी पूजा व्हायचीय. पूजेबिगर मी तोंडात काही घालत न्हाई." त्यांनी छातीवरच्या लिंगाला हात लावला. "एक तांब्या पाणी द्याल का? पूजेला?"

तुम्हाला माहीत आहे, जुनी माणसं पूजेचं पाणी कुणाच्या हातचं घेत नाहीत ते. पंचशीलाबाईलाही माहीत होतं.

"आमच्या घरात पूजा होत न्हाई," ती म्हणाली.

"ठाऊक हाय."

"पाणी माझ्या हातचं असंल. माझ्या घागरीतलं."

"तेच मागलालाव."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. भांडं घासल्याचा आवाज येत होता. मग तांब्या घेऊन बाहेर आली, पण लगेच दिला नाही.

"एक सांगते. उपकार करून राहिले असाल तर हे पाणी घेऊ नका. तुमची लेक या घरात आली तर तिनं तिचं लिंग पुजावं, मी आडवी येणार न्हाई. माझ्या लेकाला मात्र पुजायला लावायचं न्हाई. आन तुमच्या गावात त्याला मागं बसवायचं न्हाई."

अप्पा उठून उभे राहिले. "माझ्या शेजारी बसंल," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत. मी रडतो तिथं."

तिनं तांब्या दिला. अप्पांनी ओसरीवर बसून तळहातावर लिंग घेतलं, पाणी घातलं, डोळे मिटले. पंचशीलाबाई उंबऱ्यात बसून राहिली. तिनं हात जोडले नाहीत आणि ती उठूनही गेली नाही. पूजा झाल्यावर तिनं तोच चहा गरम करून आणला. मग भाकरी, वरण. अप्पांनी वरणाचा घास घेतला आणि म्हणाले, "ही डाळ कुठनं घेता?"

"का? कडू लागून राहिली?"

"फसवलालेत तुम्हाला. पोतं पाठवून देतो."

"इकत घेईन," पंचशीलाबाई म्हणाली.

"बरं, इकत घ्या. पर माझ्याकडूनच घ्या."

तिकडं ल्योंत सकाळ होती. दोघं नदीकाठानं कॉलेजकडं निघाले होते. धम्मानंदाचा फोन वाजला. आईचा.

"बोल माय."

"माय न्हाई. मी बोललालाव, मडिवाळप्पा."

धम्मानंद रस्त्यातच ताठ उभा राहिला. शिवकन्येनं त्याचा चेहरा पाहिला आणि ती जवळ सरकली. त्यानं फोन दोघांच्या मधे धरला.

"काय करलालास?" अप्पांनी विचारलं.

"...चालून राहिलो."

"कुणासंगं?"

त्यानं शिवकन्येकडं पाहिलं. "तुमच्या लेकीसंगं."

फोनवर काही वेळ उमरीची दुपार ऐकू येत राहिली. भांडी, कोंबडं, बाईचं खोकणं. मग अप्पा म्हणाले, "तिकडं गाड्या उलट्या बाजूनं चालतात म्हणं."

"हाव."

"मग हात धरून रस्ता ओलांडा."

फोन ठेवला गेला. समोर सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा. दोघं कडेलाच उभी. शिवकन्या रडत होती आणि हसत होती. शेवटी तीच म्हणाली, "ओलांडायचं का... अप्पांनी सांगितलंय."

धम्मानंदानं हात पुढं केला. तिनं तो घट्ट धरला, आणि ट्रामची घंटा वाजत असताना दोघं पलीकडं गेली.

उदगीरच्या मंडळींना अप्पांनी स्वतः जाऊन हात जोडले. आपल्या गल्लीत कुणी तोंड फिरवलं, कुणी फिरवलं नाही. ते अजून चालूच आहे, मी खोटं कशाला सांगू. लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि तुम्हा सगळ्यांना बोलावणं येईल.

माझं एवढंच मागणं. कीर्तन झालं की घरी जाल, चूल पेटवाल, दारी कुणी आलेलं असेल. तेव्हा उमरीच्या पंचशीलाबाईची आठवण ठेवा. तिला कुणावर विश्वास ठेवण्याचं काही कारण नव्हतं, पोरींनो, तरी तिनं तो गार झालेला चहा ओतून टाकला नाही. पुन्हा गरम केला.